माळ्यावरचा टेपरेकॉर्डर परत चालू करायचाय? मग आधी हे वाचा

एक नियम सुरुवातीलाच सांगतो, बाकीचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढा पाळा: जी कॅसेट ऐकायची म्हणून टेपरेकॉर्डर खाली काढलाय, ती त्यात पहिली घालायची नाही. दुसरीही नाही. आजोबांचा आवाज, आत्याच्या लग्नातल्या मंगलाष्टका, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, जे काय असेल ते सगळ्यात शेवटी. आधी अशी एखादी कॅसेट शोधा की जी तुटली तरी घरात कुणाला काही वाटणार नाही, नव्वदच्या दशकातल्या एखाद्या पडेल पिक्चरची वगैरे, प्रत्येक घरात अशा दोन-चार असतातच. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेलं मशीन पहिल्याच झटक्यात रीळ खाऊ शकतं, म्हणजे कॅसेटमधली फीत आत ओढून गुंतवू शकतं, आणि खाल्लेलं रीळ सरळ करता येतं पण त्याच्यावरच्या चुण्या कायमच्या राहतात, त्या जागी आवाज बुडतो तो बुडतोच.

हे सगळं ज्यांनी कॅसेट कधी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी लिहितोय, म्हणजे ज्यांना घर रिकामं करताना बुशचा, फिलिप्सचा, पॅनासॉनिकचा नाहीतर गल्फहून आलेला टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) सापडलाय आणि सोबत एक पिशवीभर कॅसेटी. इलेक्ट्रॉनिक्स यायलाच पाहिजे असं नाही. एक बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हर, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली (९९ टक्केवाली, ऑनलाइन किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते), टॉर्च आणि एक पेन्सिल एवढं जवळ ठेवा.

आधी कॅसेटी वेगळ्या करा

पिशवी ओता आणि तीन ढीग करा. पहिला ढीग कंपनीच्या छापील कॅसेटींचा, एचएमव्ही, टी-सिरीज, व्हीनस वगैरे. यातलं बरंचसं आज नेटवर मिळतं आणि तुमच्या कॅसेटपेक्षा चांगल्या आवाजात मिळतं, त्यामुळे यांच्यामागे फार वेळ घालवू नका, यातल्याच टेस्टिंगसाठी वापरा. दुसरा ढीग छापील पण छोट्या कंपन्यांचा: जिल्ह्याच्या गावातून निघालेलं भारूड, दशावतार, वगनाट्य, एखाद्या भजनी मंडळाची कॅसेट, स्थानिक महाराजांचं प्रवचन. यातलं खूप काही कधीच सीडीवरसुद्धा आलं नाही, टाकून देऊ नका. तिसरा ढीग घरी भरलेल्या कॅसेटींचा. मेलट्रॅक, सोनी, टीडीके अशी कोरी कॅसेट आणून भरलेलं, वर बॉलपेनने काहीतरी खरडलेलं किंवा काहीच न लिहिलेलं. तुमचं सोनं इथे आहे. बारशाचं रेकॉर्डिंग, पोराने पहिल्यांदा म्हटलेली कविता, परदेशात गेलेल्या काकाने पत्राऐवजी भरून पाठवलेली कॅसेट, रेडिओजवळ मशीन ठेवून धरलेलं नाट्यसंगीत ज्यात मध्येच कुणीतरी चहा घेणार का विचारतंय, हे जगात एकाच ठिकाणी आहे आणि ते तुमच्या हातात आहे.

तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कॅसेटचं आत्ताच्या आत्ता एक काम करायचं. कॅसेटच्या मागच्या कडेला, म्हणजे जिथून रीळ उघडं दिसतं त्याच्या बरोबर उलट्या बाजूला, दोन टोकांना दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या स्क्रू ड्रायव्हरने तोडा. पट्टी तुटली की त्या बाजूवर रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही. प्ले आणि रेकॉर्डची बटणं शेजारी शेजारी असतात, नवशिक्याच्या हातून दोन्ही दाबली गेली की पुढे जेवढा वेळ रीळ फिरेल तेवढं पुसलं जाणार आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. (छापील कॅसेटींना ती पट्टी नसतेच. पूर्वी लोक त्या भोकावर सेलोटेप चिकटवून त्याच कॅसेटवर दुसरं काहीतरी भरायचे, त्यामुळे वर एक आणि आत भलतंच असा प्रकार सापडला तर चकित होऊ नका. छापील ढिगातल्या सेलोटेप लावलेल्या कॅसेटी उचलून तिसऱ्या ढिगात टाका, सेलोटेप काढून.)

कॅसेटवर ६० किंवा ९० लिहिलेलं असतं, ती दोन्ही बाजू मिळून मिनिटं. ६० च्या कॅसेटमध्ये साधारण ९० मीटर फीत असते आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडसमोरून (फितीवरचा आवाज उचलणारा भाग) जाते. तेवढ्याच डबीत जास्त मिनिटं बसवायची तर फीत पातळ करावी लागते, म्हणून ९० ची कॅसेट ६० पेक्षा नाजूक आणि १२० ची तर फारच नाजूक, ताणली जाते, गुंतते. १२० ची कॅसेट सापडली तर ती शेवटच्या शेवटी, मशीनवर पूर्ण विश्वास बसल्यावरच.

मशीनला वीज द्यायच्या आधी

सेलचं झाकण उघडा. जुने सेल तसेच आत राहून पाझरलेले असतील तर पांढरा-हिरवा थर दिसेल. हातमोजे घालून ते काढा, स्प्रिंगा व्हिनेगर लावलेल्या काडीने पुसा, मग अल्कोहोलने पुसून कोरड्या करा, गंज खूप असेल तर बारीक पॉलिश पेपर मारा.

मग मागच्या बाजूला ११०/२२० असा बदलायचा खटका आहे का बघा. बाहेरच्या देशातून आलेल्या मशीनला तो बरेचदा असतो आणि तो ११० वर राहिलेला असला की आपल्या घरच्या प्लगमध्ये लावल्या लावल्या धूर निघतो. नंतर वायर हाताने पूर्ण चाचपून बघा, माळ्यावर उंदीर असतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझा सल्ला असा की शक्य असेल तर पहिल्यांदा प्लगला लावूच नका, नवीन सेल घाला आणि सेलवर चालवा. सेलवर चालवलं तर ट्रान्सफॉर्मर वगैरे भाग मध्ये येतच नाही आणि शॉक बसायचाही प्रश्न नाही. ज्याला सेलची सोय नाही असा मोठा डेक (एका जागी ठेवायचं कॅसेट मशीन) असेल तर जवळच्या रेडिओ-टीव्हीवाल्याकडे जा आणि त्याला सिरीज बोर्डवर लावून बघायला सांगा. त्याच्याकडे जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडलेला बोर्ड असतो, मशीनमध्ये कुठे शॉर्ट असेल तर बल्ब ढणढणून पेटतो आणि मशीन वाचतं. हे घरी स्वतः करायला जाऊ नका, उघड्या वायरींचं काम आहे ते.

कॅसेट न घालता प्ले दाबा

हे सगळ्यात महत्त्वाचं टेस्टिंग आणि लोक नेमकं हेच गाळतात. कॅसेटचं दार उघडं ठेवून, आत काही न घालता प्ले दाबा आणि टॉर्च मारून बघा.

समोर दोन दातेरी खुंट्या दिसतील ज्यांच्यावर कॅसेटची दोन चाकं बसतात. प्ले दाबल्यावर उजवीकडची खुंटी फिरायला पाहिजे (कॅसेट उलटी बसणाऱ्या काही मशीनमध्ये डावीकडची फिरते). खाली हेड असतं, चकचकीत धातूचा छोटा तुकडा. त्याच्या शेजारी एक काळं रबरी चाक असतं त्याला रोलर म्हणतात, आणि रोलर ज्याच्यावर टेकतो ती पातळ स्टीलची काडी म्हणजे कॅपस्टन. फीत पुढे ओढायचं काम रोलर आणि कॅपस्टन मिळून करतात, खुंटी फक्त पुढे आलेली फीत गुंडाळते. हे एकदा डोक्यात बसलं की रीळ का खाल्लं जातं ते लगेच कळतं: रोलर फीत पुढे ढकलतोय आणि खुंटी गुंडाळत नाहीये, मग ती फीत जाणार कुठे, मशीनच्या पोटात. म्हणून खुंटी बोटाने हलकेच धरून बघा. थोडा जोर लावल्यावर थांबली पाहिजे पण बोट काढल्याबरोबर परत फिरली पाहिजे. नुसतं बोट टेकल्यावर थांबत असेल किंवा मुळात फिरतच नसेल तर कुठलीही कॅसेट घालू नका, टेस्टिंगवालीसुद्धा नाही.

काहीच फिरत नाही पण रेडिओ मस्त चालतोय, असं असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे मोटरचा स्विच. प्लेचं बटण दाबलं की आत पितळेच्या दोन पत्त्या एकमेकीला टेकतात आणि मोटर चालू होते, त्या पत्त्यांवर काळा थर बसतो. त्या अल्कोहोलने पुसल्या की बऱ्याचदा काम होतं. दुसरी शक्यता बेल्ट, आणि जुन्या मशीनमध्ये दहातल्या बहुतेक केसेस बेल्टच्याच. मोटर गुणगुणताना ऐकू येते आणि बाकी सगळं ढिम्म.

बेल्ट

मागचं कव्हर काढा. त्याच्या आधी प्लग काढा, सेल काढा, आणि स्क्रू काढताना मोबाईलवर फोटो काढत जा कारण स्क्रू तीन-चार वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की आतली पीसीबी (सर्किटची पाटी) तडकते. कव्हर ओढून काढू नका, स्पीकरच्या आणि एरियलच्या वायरी त्याला लागलेल्या असतात.

आत मोटरपासून मोठ्या चाकापर्यंत, म्हणजे फ्लायव्हीलपर्यंत, रबरी बेल्ट गेलेला दिसेल. तो ढिला पडलेला असेल, तडकलेला असेल, किंवा वितळून डांबर झालेलं असेल. वितळलेला बेल्ट हा फार घाणेरडा प्रकार आहे, हाताला लागला की दोन दिवस जात नाही आणि कपड्याला लागला तर कपडा गेला, त्यामुळे हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्र पसरा आणि अल्कोहोलच्या काड्यांनी फ्लायव्हील आणि मोटरची पुली पूर्ण स्वच्छ होईपर्यंत पुसत बसा. पुलीवर थोडं जरी राहिलं तरी नंतर आवाज लहरी येतो.

नवीन बेल्टचं माप काढायला साधा दोरा घ्या, बेल्ट ज्या वाटेने जातो त्या वाटेने फिरवा, लांबी मोजा आणि त्यापेक्षा साधारण ५ टक्के कमी घेराचा बेल्ट मागा. चौकोनी कापाचा का पट्टीसारखा चपटा ते जुन्या तुकड्यावरून बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा ठिकाणी विचारलं तर मिळतो, नाहीतर ऑनलाइन वेगवेगळ्या मापांचे बेल्ट एकत्र असलेलं पाकीट मिळतं, ते घेतलेलं बरं कारण पहिलं माप बरोबर येईलच असं नाही. केसांना लावायचा रबर बँड लावून काम भागवणारे असतात. तो लावू नका, तो ताणतो आणि सुटतो, गाणं डोलायला लागतं आणि मोटरच्या बेअरिंगवर जोर येतो.

हेड आणि रोलर साफ करा

इथे घाई नको. प्ले दाबलं की हेड पुढे येतं, मग तसंच दाबलेलं ठेवून वीज बंद करा. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून हेड पुसा, काडी तपकिरी होईल, दुसरी घ्या, काडी पांढरी निघेपर्यंत पुसत राहा. ती तपकिरी घाण म्हणजे जुन्या कॅसेटींच्या फितीवरून निघालेला लोहाचा थर. मग कॅपस्टन पुसा. मग रोलर, त्याला ओल्या कापडावर साबणाचा एक थेंब घेऊन पुसा आणि लगेच कोरडा करा, थोडंसं अल्कोहोल चालतं पण रोज रोज लावलं तर रबर कडक होतं. रोलर चकाकत असेल, काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर तो फीत नीट पकडत नाही, त्यावर अगदी बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा. रोलर चिकट लागत असेल तर सरळ बदला, चिकट रोलर फीत स्वतःभोवती गुंडाळून घेतो.

नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, थिनर यातलं काही वापरायचं नाही, प्लास्टिक विरघळतं. अत्तर आणि आफ्टरशेव्हने हेड पुसणारे महाभागही मी बघितलेत, त्यात तेल आणि पाणी दोन्ही असतं. आणि हेडला स्क्रू ड्रायव्हर, नख, ब्लेड लावू नका.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर त्या कंट्रोलच्या भोकात काँटॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) छोटा फवारा मारा आणि तो वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा. अजून एक हमखास रोग म्हणजे प्ले केल्यावर शिट्टी वाजणं किंवा घों घों येणं आणि बटण जरा हलवलं की बंद होणं. याचं कारण आतला लांब सरकता रेकॉर्ड-प्ले स्विच, त्याच्यावर गंज चढतो. त्यावरही थोडा क्लीनर मारून रेकॉर्डचं बटण भराभर दहा-पंधरा वेळा दाबा-सोडा करायचं. कॅसेट नसताना ते बटण दाबलं जात नाही, कारण ती पट्टी आहे की नाही हे तपासणारी एक छोटी दांडी आत असते, दार उघडून डाव्या कोपऱ्यातली ती दांडी बोटाने आत दाबून धरायची की मग दाबलं जातं.

आता ती पडेल पिक्चरची कॅसेट घाला

पाच मिनिटं ऐका, आणि डोळे दारावर ठेवा. आवाज दबला, गडगडला किंवा फीत बाहेर येताना दिसली की लगेच स्टॉप. दार ओढून उघडू नका, हळू उघडा, कॅसेट अर्धी बाहेर घ्या, गुंतलेली फीत रोलरमधून बोटाने अलगद सोडवा आणि पेन्सिल कॅसेटच्या चाकात घालून फिरवून आत ओढून घ्या. पेन्सिल षटकोनी असली की दात्यात नीट बसते, पेन सहसा घसरतं.

आवाज चालू आहे पण बरोबर नाही, असं असेल तर खालच्यापैकी काय होतंय ते ओळखा.

सगळं हळू आणि जाड आवाजात येतंय, बाई पुरुषासारखी गातेय: सेल उतरलेत, बेल्ट सैल आहे, किंवा कॅपस्टनला तेल नाही. हे सगळं ठीक असूनही हळू असेल तर बऱ्याच मोटरच्या पाठीत एक बारीक भोक असतं, आत स्पीडचा स्क्रू असतो, तो अगदी किंचित फिरवायचा. ताळा करायला सोपी युक्ती म्हणजे छापील कॅसेटवरचं एखादं गाणं मोबाईलवर मूळ रेकॉर्डिंग लावून सोबत वाजवा, दोन्ही एकत्र सुरू करून शेवटी किती फरक पडतो ते बघा.

आवाज मंद, घोगरा, कांबळं पांघरून गायल्यासारखा: हेड अजून मळलेलंय, नाहीतर कॅसेटमधला पॅड पडलाय. कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध पितळी पत्तीवर चौकोनी कापडाचा इवलासा तुकडा असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुकून तो गळतो, स्वस्त कॅसेटीत तो स्पंजचा असतो आणि त्याचा भुगा होतो. दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी कॅसेटमधून पत्तीसकट काढून इकडे बसवा.

मागे कुठेतरी उलटं गाणं ऐकू येतंय: ते भूत नाही, कॅसेटची दुसरी बाजू आहे. हेड वर-खाली सरकलंय, हे मेकॅनिकला दाखवा.

बुरशी

कोकणात, मुंबईत, गोव्यात, म्हणजे जिथे जिथे पावसाळ्यात चपलेला बुरशी येते तिथे कॅसेटलाही येते. कॅसेट उजेडात धरून छोट्या खिडकीतून बघा, गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरट भुकटी, जाळी, ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट चालू मशीनमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. तोंडाला मास्क लावून काम करा, खोलीत नाही, गॅलरीत.

कॅसेटला पाच स्क्रू असतील तर तुमचं नशीब चांगलं. टेबलावर पांढरं कापड घाला, कॅसेट सपाट ठेवून स्क्रू काढा, वरचं अर्धं कवच सरळ वर उचला आणि फीत कुठून कुठे जाते त्याचा फोटो काढा. कडेवरची बुरशी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, फितीला पाणी किंवा अल्कोहोल लावू नका. मग दुसऱ्या एखाद्या स्क्रूवाल्या कॅसेटचं चांगलं कवच घ्या आणि दोन्ही चाकं त्यात बसवा. कॅसेटला स्क्रू नसतील, चिकटवलेली असेल, तर कडेच्या शिवणीत पातळ ब्लेड घालून हळूहळू फोडावी लागते, फीत ज्या बाजूला उघडी आहे तिकडून सुरू करू नका. हे करताना हात बसायला वेळ लागतो, आधी दोन-तीन भंगार कॅसेटी फोडून बघा. त्यानंतर ती कॅसेट एखाद्या जुनाट, गेला तरी चालेल अशा मशीनमध्ये दोन्ही टोकांपर्यंत एकदा पुढे आणि एकदा मागे पळवायची, आणि लगेच त्या मशीनचं सगळं पुसून काढायचं.

बुरशी नसलेल्या पण वर्षानुवर्षं न हललेल्या कॅसेटलाही प्लेच्या आधी असं एकदा पूर्ण पुढे-मागे करून घ्या. फितीचे थर एकमेकांना चिकटलेले असतात ते सुटतात आणि ताण सगळीकडे सारखा होतो.

फीत तुटलेली असेल तर साध्या सेलोटेपने जोडायची नाही. त्याचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो, शेजारच्या थरांना चिकटतो आणि हेडला लागतो. स्प्लायसिंग टेप म्हणून मिळते ती आणा, दोन्ही टोकं ब्लेडने तिरकी कापून एकमेकांना भिडवा, वरखाली चढवू नका, आणि चिकटपट्टी फितीच्या चकचकीत पाठीवर लावा, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूला. तुटण्याची जागा बहुतेक वेळा अगदी सुरुवातीला, जिथे पारदर्शक पट्टीला तपकिरी फीत जोडलेली असते तिथे असते, म्हणजे आवाजाचं नुकसान शून्य.

हेडचा कोन, आणि घरच्या कॅसेटींची गोम

छापील कॅसेट छान वाजतेय आणि घरी भरलेली घोगरी वाजतेय, असं झालं तर मशीन बिघडलं असं समजू नका. फितीसमोर हेड बरोबर काटकोनात उभं असावं लागतं, पण घराघरातल्या मशीनची हेडं थोडी थोडी तिरकी असायची, आणि तिरक्या हेडवर भरलेली कॅसेट तशाच तिरक्या हेडवर साफ वाजते. ज्या मशीनवर भरली तेच मशीन सापडलं असेल तर उत्तम, म्हणून तर जुनं मशीन भंगारात घालू नका म्हणतो. नसेल तर हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो (त्यावर बरेचदा लाल-पिवळा रंग लावून सील केलेलं असतं), कॅसेट वाजत असताना तो पाव फेऱ्यापेक्षाही कमी इकडे तिकडे फिरवून बघा. जिथे स, श, टाळ, झांज सगळ्यात कुरकुरीत ऐकू येते तिथे थांबा. आधी स्क्रू कसा होता त्याचा फोटो काढून ठेवा आणि त्या कॅसेटचं काम झालं की परत छापील कॅसेट लावून पूर्वीच्या जागी आणा. दुसऱ्या बाजूचा, स्प्रिंग नसलेला स्क्रू हात लावायचा नाही.

मोबाईल, लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या

मशीन नीट चालतंय, टेस्टिंगच्या कॅसेटी बिनबोभाट वाजल्या, मग आता घरच्या कॅसेटी. आणि पहिल्यांदा वाजवतानाच रेकॉर्ड करायचं, आधी ऐकू मग बघू असं करू नका, खराब फीत कधीकधी एकदाच चांगली वाजते.

स्पीकरसमोर मोबाईल ठेवून रेकॉर्ड करू नका, कुकरच्या शिट्ट्या येतात. हेडफोनच्या भोकातून ३.५ एमएमची केबल घ्या. पण ती लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या भोकात घालून भागत नाही, तिथला माइकचा भाग मोनो (एकाच चॅनेलचा) असतो आणि फार नाजूक असतो, आवाज फाटतो. लाइन-इनचं भोक (दुसऱ्या मशीनचा आवाज आत घ्यायचं) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, महाग नसतं. घेताना माइक-इन नाही, लाइन-इन आहे ना हे बघा. मशीन मोनो असेल तर एकाच कानात आवाज येईल, घाबरू नका, एक चॅनेल पुरे, मोनो रेकॉर्ड करा. जुन्या फिलिप्सला वगैरे हेडफोनच्या जागी पाच पिनांचं गोल भोक असतं, त्याची वेगळी केबल मिळते.

ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, आणि आवाजाची सुई सगळ्यात मोठ्या जागी साधारण उणे ६ डेसिबलपर्यंत जाईल एवढा व्हॉल्यूम ठेवा. घूं असा आवाज मागे येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बरेचदा लगेच जातो. ६० च्या कॅसेटची एक बाजू स्टिरिओत ३०० एमबीच्या आसपास होते, तशीच डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी (आवाजाचा दर्जा न घटवणारे फाइलचे प्रकार) करून ठेवा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला वेगळी एमपी३ काढा. सॉफ्टवेअरमधलं खरखर घालवायचं बटण मूळ फाइलवर वापरू नका, जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी बोलायचं थांबलं की पंख्याचा आवाज हळूहळू मोठा होतो, तो मशीनचा दोष नाही, भरतानाच टेपरेकॉर्डर शांततेत माइकचा आवाज आपोआप वाढवायचा, ते तसंच कॅसेटवर उतरलंय. मला तर तो असलेला बरा वाटतो.

फाइलला नाव देताना कॅसेट १, कॅसेट २ असं देऊ नका. कुणाचा आवाज, कुठे, अंदाजे साल, कॅसेटवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ऐकवा, हा आवाज कुणाचा हे सांगणारी माणसं कॅसेटीपेक्षा लवकर संपतात. एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक क्लाउडवर, एक भावाकडे.

मशीनच नसेल तर

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. जाताना आपले सेल आणि आपली टेस्टिंगची कॅसेट घेऊन जा, दुकानदाराच्या कॅसेटवर विश्वास ठेवू नका. प्ले, पुढे, मागे तिन्ही करून बघा, कॅसेट शेवटाला आल्यावर बटण आपोआप वर येतं का बघा. हेडवर टॉर्च मारा, फितीच्या रुंदीची खोबण पडलेली दिसली तर हेड घासलंय, सोडून द्या. रेडिओ चालतो आणि टेप तेवढी बेल्टमुळे बंद आहे असं मशीन स्वस्तात मिळतं, ते घ्यायला हरकत नाही. ऑनलाइन मिळणारे नवीन स्वस्त कॅसेट-टू-एमपी३ डबे गाणी ऐकायला एकवेळ ठीक, पण त्यांचा स्पीड डोलतो आणि आजोबांच्या कॅसेटसाठी मी ते वापरणार नाही, त्यापेक्षा सर्व्हिस केलेला जुना डेक कधीही चांगला. मेकॅनिककडून करून घेणार असाल तर बेल्ट आणि रोलर दोन्ही बदला असं स्पष्ट सांगा आणि काढलेले भाग परत मागा.

नंतर

महिन्यातून एकदा तरी अर्धा तास वाजवा. न वापरल्याने बेल्ट एकाच जागी वाकतो, रोलरला खड्डा पडतो. काम झाल्यावर प्ले किंवा पॉजचं बटण दाबलेलं ठेवून वीज बंद करू नका, रोलर कॅपस्टनवर दाबलेला राहतो आणि पुढच्या वेळी गाणं टक टक करत वाजतं. सेल काढून ठेवा.

कॅसेटी त्यांच्या डबीत, उभ्या, एका टोकापर्यंत गुंडाळलेल्या अशा ठेवा. माळा नको, फ्रिजवर नको, स्पीकरच्या शेजारी तर नकोच कारण त्यात लोहचुंबक असतं. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्याच्या तोंडावर त्या बदला. डांबरगोळ्या टाकू नका, त्याच्या वाफेने प्लास्टिक खराब होतं. कपड्यांच्या कपाटात ठेवणार असाल तर गोळ्यांचा कप्पा वेगळा आणि कॅसेटींचा वेगळा.